धुळाच्या तोंडचं बोलणं

हरणाबाईचा राग खिलारवस्तीवर सगळ्यांना माहीत होता. आटपाडीच्या बाजारातल्या लोकरवाल्यांना माहीत होता आणि त्या बाजूनं धावणाऱ्या एसटीच्या दोन-तीन कंडक्टरांनाही माहीत होता. रागावली की ती ओरडायची नाही. आवाज उलट खाली यायचा, एकेक शब्द सुटा व्हायचा. समोरच्याला वाटायचं, संपलं बाईचं; तेवढ्यात पुढचा शब्द यायचा. सून स्वप्नाली लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने सासू मोठ्यानं बोलली की निवांत असायची, आणि सासू हळू बोलायला लागली की हातातलं काम टाकून उभी राहायची.

या रागाला एके काळी सगळा मुलूख पोट धरून हसला होता. पण ते वस्तीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

सदतीस वर्षांमागं हरणा वीस वर्षांची होती आणि झरे गावाजवळच्या वस्तीवर बापाच्या घरी होती. बाप जोतिबा, सव्वाशे मेंढरांचा धनी. एका उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीवर एक पाहुणा आला. खांद्यावर पिशवी, अंगावर नवंकोरं घोंगडं, आणि घोंगड्याच्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच. बुटका, किरकोळ अंगाचा, कान तेवढे मोठे. नाव दत्ता माहुलीकर. साताऱ्याचा. दिवसा पोस्टात कारकून आणि संध्याकाळी नाटकातला नट. त्याला आयुष्यातला पहिला मोठा सिनेमा मिळाला होता, त्यात धनगराचं काम होतं, आणि पहिल्याच दिवशी दिग्दर्शकानं त्याला सांगितलं होतं की तुझा धनगर अंगावर घोंगडं घेतलेला पोस्टमन वाटतो. जा, महिनाभर राहून ये.

जोतिबानं त्याला ठेवून घेतलं. पहिल्या आठवड्यात माडग्याळी जातीच्या एडक्यानं त्याला दोनदा लोळवलं. भाकरी थापताना, मेंढरांभोवती जाळीची वाघर लावताना, पिल्लं आईखाली सोडताना तो नुसता बघत बसायचा. हरणाला त्याचा वैताग यायचा. बापाला म्हणायची, ह्या पावण्याला काय कामधंदा हाय का न्हाई.

मग एक दिवस फॉरेस्टचा गार्ड आला. मेंढरं राखीव कुरणात शिरली म्हणून बारा मेंढरं त्यानं अडवून धरली. मेंढरं शिरली नव्हती, कडेनं चालली होती. जोतिबा हात जोडून उभा राहिला. हरणा मात्र पुढं झाली. गार्ड म्हणाला, पोरी, रागावून काय उपयोग नाही. त्यावर हरणा हळू आवाजात म्हणाली, “साह्यब, मी अजून रागावली न्हाई. रागावनार हाय. पर हितनं पुढं.”

गार्ड घटकाभर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मेंढरं सोडली आणि सायकलवर टांग टाकली.

दत्ता माहुलीकर बाभळीखाली बसून हे सगळं बघत होता. गार्ड नजरेआड झाल्यावर तो तिच्याजवळ आला. हरणाला वाटलं, शाबासकी देईल. त्यानं विचारलं, “हरणा, ‘हितनं पुढं’ म्हणालीस ना, तेव्हा श्वास आधी घेतलास का नंतर?”

हरणाला वाटलं, माणूस डोक्यानं गेलाय. तिनं त्यालाच फैलावर घेतलं. त्यानं तेही नीट ऐकून घेतलं. तिथून पुढं तीन आठवडे तो सावलीसारखा तिच्या मागं होता. ती मेंढराला काय म्हणते, बापाला काय म्हणते, आडात पोहरा पडला तर आडाला काय म्हणते, सगळं कान देऊन ऐकायचा आणि माळावर लांब जाऊन एकटाच घोकायचा. तो गेला तेव्हा वस्तीवरची म्हातारी माणसं म्हणाली की पोरगा आता आपल्यातला वाटतोय. हरणा म्हणाली, गेला ते बरं झालं.

सिनेमाचं नाव ‘धुळा तापला’. हरणानं तो पहिल्यांदा बघितला इस्लामपुरात. तोवर तिचं सिद्धूशी लग्न झालं होतं, आणि दिवाळीनंतर दोघं मेंढरं घेऊन वाळव्याच्या बाजूला उसाच्या रानात खतासाठी बसवायला गेली होती. सिद्धू तसा शांत माणूस, बायकोला सिनेमा दाखवायची त्याची फार हौस. थेटरात खच्चून गर्दी होती. पडद्यावर दत्ता माहुलीकर आला, तेच मोठे कान, पण घोंगडं आता मळलेलं, चाल बदललेली. साहेबासमोर उभा राहिला, डोक्याचा पटका काढला, डोकं खाजवलं, पटका परत ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “साह्यब, मी अजून रागावलो न्हाई.”

सगळं थेटर फुटलं. हरणाच्या अंगाची लाही झाली. आपले शब्द चोरले आणि वर हजार माणसांना आपल्याला हसायला बसवलं, असं तिला वाटलं. ती मध्यंतरातच उठली आणि सिद्धूला घेऊन बाहेर पडली. चार दिवस ती सिद्धूशीही धड बोलली नाही. मग सिद्धूच म्हणाला, एकदा सगळा बघ, मग काय रागवायचं ते रागव.

दुसऱ्यांदा तिनं सगळा बघितला.

गोष्ट साधी होती. तालुक्याच्या साहेबाकडं पाहुणे येणार म्हणून शिपाई धुळा धनगराचा एडका उचलून नेतात. धुळा एडका मागायला जातो. एडका तर पहिल्याच दिवशी शिजला, पाहुण्यांनी खाल्ला. हे शिपायाला माहीत, साहेबाला माहीत, बघणाऱ्यांना माहीत. धुळाला तेवढं कुणी सांगत नाही. तालुक्याचा साहेब त्याला सांगलीला पाठवतो, सांगलीचा मुंबईला. जाईल तिथं धुळा रागावतो, आणि जाईल तिथं मोठमोठी माणसं त्याच्या एवढ्याशा देहाला टरकून खोटं बोलतात. एडका दवाखान्यात हाय. एडका प्रदर्शनाला गेलाय.

सांगलीच्या कचेरीत धुळाला खुर्ची देतात. तो बोलायला तोंड उघडतो की खुर्ची कुरकुरते. परत तोंड उघडतो, परत कुरकुर. तिसऱ्यांदा तो उठतो, वळून खुर्चीकडं बघतो आणि मायेनं म्हणतो, “तुजं आदी हू दे.” मग हात बांधून उभा राहतो, खुर्चीचं होईपर्यंत. पुढं मुंबईत तो अगदी रंगात येऊन भांडत असतो, तेवढ्यात साहेबाची बायको चहा आणते. धुळा भांडण थांबवतो. बशीत ओतून सावकाश, आदबीनं चहा पितो. कपबशी ठेवतो, मिशी पुसतो, आणि म्हणतो, “हां, तर कुटं हुतो?” आणि तिथूनच पुढं सुरू.

हरणाच्या लक्षात आलं की लोक हसतायत ते धुळाला नाही, साहेबांना हसतायत. दत्ता माहुलीकर डोळे फिरवत नव्हता, तोंड वेडंवाकडं करत नव्हता, माझ्याकडं बघा आणि हसा असं एकदाही म्हणत नव्हता. तो खरोखर रागावला होता. त्याचा एडका गेला होता.

आणि शेवटी साहेबाला राहवत नाही. तो खाली मान घालून सांगतो की धुळा, एडका खाल्ला. त्यावर धुळा कितीतरी वेळ गप्प राहतो. थेटरातलं एक माणूस हलत नाही. मग म्हणतो, “मला पैल्या दिसापास्नं ठावं हुतं. मी बगत हुतो, तुमी कवा सांगताय.” आणि घोंगडं सावरून चालू लागतो. ना गाणं, ना वाजंत्री. नुसता त्याच्या पायताणांचा आवाज.

हे शेवटचं वाक्य हरणाचं नव्हतं. तिच्या बापाचं होतं. जोतिबानं ते कुणा सावकाराला नाही, सख्ख्या भावाला म्हटलं होतं, आणि तेव्हा हरणा चुलीपाशी बसली होती, दत्ता उंबऱ्याशी.

पुढं तिनं तो सिनेमा अकरा वेळा थेटरात बघितला. आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेत तंबूत बघितला, टीव्हीवर तर किती वेळा. एका आजारपणात सिद्धू गेला. मेंढरं कमी होत होत चाळीसवर आली. टेंभू योजनेचं पाणी आलं, वस्तीभोवती डाळिंबं उभी राहिली. मुलगा धनाजी सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात तिकडं सेलमला गेला. दत्ता माहुलीकर त्या महिन्यानंतर परत कधी वस्तीवर आला नाही, याचा तिला राग होता. तो वारल्याची बातमी सोळा वर्षांमागं टीव्हीवर आली तेव्हाही ती तेच म्हणाली, एकदा तरी यायचं हुतं. आणि दिवसभर जेवली नाही.

यंदा उन्हाळ्यात वीरधवल नावाचा एक माणूस गाडी घेऊन खिलारवस्तीवर आला. वाळव्याकडचा, तिशीतला, गोड बोलणारा, साखर कारखान्याच्या घरातला. जुने मराठी सिनेमे शोधून, त्यांची चित्रं उजळून परत लोकांसमोर आणायची संस्था त्यानं काढली होती. ‘धुळा तापला’ त्यानं नवा केला होता. पहिला खेळ सांगलीला नाट्यगृहात, आणि ज्यांच्या घरी दत्ता माहुलीकर राहिले त्यांचा सत्कार झालाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. हरणाबाई आढेवेढे न घेता हो म्हणाली. स्वप्नालीला तेव्हाच नवल वाटलं. सासूनं नवं लुगडं काढलं, चार दिवस आधीपासून कुणाला एक शब्द लागेल असं बोलली नाही.

नाट्यगृह भरलं होतं. हरणाबाईला पहिल्या रांगेत बसवलं. पडदा उजळला आणि तिच्या तोंडून आपसूक सुस्कारा निघाला. माळ इतका स्वच्छ दिसत होता की गवताची पाती मोजावीत. दत्ता माहुलीकर आला. साहेबासमोर उभा राहिला. पटका काढला, खाजवलं, ठेवला.

“साहेब, मी अजून रागावलेलो नाही. पण आता मात्र रागावणार आहे.”

आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. भरदार, गोल, रेडिओवर बातम्या सांगतात तसा. हरणाबाईला आधी वाटलं, आपलाच कान गेला. तिनं स्वप्नालीकडं बघितलं. स्वप्नालीनं मान खाली घातली.

पुढं ती दगडासारखी बसली. खुर्चीचा प्रसंग आला. “आधी तुझं होऊ दे.” चारदोन माणसं हसली. चहाचा प्रसंग आला आणि गेला. शेवटी साहेबानं मान खाली घातली, धुळा गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यावर कुणीतरी व्हायोलिनं ओतली होती. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही केव्हा सांगता, याचीच मी वाट पाहत होतो.” टाळ्या पडल्या.

दिवे लागले. स्टेजवर खुर्च्या मांडल्या. हरणाबाईला शाल, नारळ दिला, फोटो निघाले. वीरधवल म्हणाला, “आजी, दोन शब्द बोला.” आणि माइक तिच्यापुढं धरला.

हरणाबाईनं तो हातात घेतला. हळू आवाजात विचारलं, “ह्यो कोन बोलला?”

वीरधवलला कळेना. ती म्हणाली, “तोंड दत्तूचं हुतं. बोलला कोन?”

त्यानं हसून समजावून सांगितलं. मूळ आवाज खराब झाला होता. शिवाय आजच्या मुलांना, शहरातल्या लोकांना ती भाषा जड जाते. म्हणून नव्या कलाकाराकडून संवाद परत म्हणवून घेतले आणि भाषा थोडी स्वच्छ केली.

“स्वच्छ केली,” हरणाबाई म्हणाली. मग थांबली. “घान कुटं हुती?”

कुणीतरी मागं खुसखुसलं.

“माज्या बापाचं बोलनं हुतं त्ये. माजं हुतं. म्हैनाभर आमच्या दारात बसून त्यानं त्ये उचललं. त्यात घान कुटं दिसली तुमाला, तेवडं सांगा. मी पुसून घेती.”

आणि सगळं सभागृह हसलं. मनापासून, धो धो हसलं. कारण बाई थेट धुळासारखी बोलत होती. वीरधवलही हसला, टाळ्या वाजवायला लागला. हरणाबाई त्या हसणाऱ्या तोंडांकडं बघत राहिली. मग माइक टेबलावर ठेवला, त्याच्यावर शाल ठेवली, आणि जिना उतरून चालू पडली. स्वप्नाली तिच्यामागं पळाली. गाडीची वाट न बघता दोघी स्टँडपर्यंत चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. ‘धुळाची खरी मालकीण’, ‘आजी तापली’. कुणी त्यावर हलगी लावली, कुणी हरणाबाईच्या डोक्यावर पटका चिकटवला. दोन लाख माणसांनी बघितला आणि दोन लाख माणसं हसली. सेलमवरनं धनाजीचा फोन आला. तो चिडला होता. तिकडं सगळे गाववाले दाखवून हसत्यात, तुला काय गरज हुती तितं बोलायची. हरणाबाईनं फोन सुनेच्या हातात दिला.

त्या दिवशी ती मेंढरांत जाऊन बसली. स्वप्नाली चहा घेऊन गेली तेव्हा म्हणाली, “मी रडले आसते तरी हसले आसते बग ह्ये. त्या दत्तूनं लोकास्नी साह्यबाला हसाय शिकवलं हुतं. ह्यांनी परत आमालाच हसाय लावलं.”

स्वप्नाली बारावी शिकलेली, धीराची पोरगी. तिनंच शोध घेतला आणि दत्ता माहुलीकरांच्या बायकोचा नंबर मिळवला. संयोगिता माहुलीकर, साताऱ्यात गोडोलीत राहत होत्या. फोनवर त्या मोजकं बोलल्या. या म्हणाल्या. सकाळच्या एसटीनं दोघी दहिवडीवरून साताऱ्याला गेल्या.

संयोगिताबाई सत्तरीच्या, उंच, ताठ, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. घर नीटनेटकं. भिंतीवर दत्ताचा कोटातला फोटो. घोंगड्यातला एकही नाही. हरणाबाईच्या ते आत शिरताच लक्षात आलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सरळ विषयाला हात घातला. वीरधवलनं तुम्हाला फसवलं असणार, तुम्ही त्याला आवाज परत लावायला सांगा, असं ती म्हणाली.

संयोगिताबाईंनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “मला कुणी फसवलं नाही. ते नवे संवाद मीच लिहून दिलेत.”

स्वप्नालीला वाटलं, आता काही खरं नाही. हरणाबाई मात्र हलली नाही. म्हणाली, का?

संयोगिताबाईंनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला गंभीर भूमिका करायच्या होत्या. पाठांतर दांडगं, वाचन मोठं. पण ‘धुळा तापला’ गाजला आणि त्यानंतर वीस वर्षं जो आला तो घोंगडं घेऊनच आला. निम्म्या सिनेमांत त्यांना नुसतं गावंढळ करून ठेवलं. शाळेत मुलं संयोगिताबाईंना धुळीणबाई म्हणायची. मरणाच्या बातमीतसुद्धा ‘ग्रामीण विनोदी नट’ एवढंच आलं. “माझी एवढीच इच्छा होती,” त्या म्हणाल्या, “की एकदा तरी लोकांना दिसावं की हा माणूस शुद्ध बोलणारा, शिकलेला, मोठा नट होता.”

हरणाबाईचा आवाज आणखी खाली आला. “बाई, तुमास्नी लाज वाटत हुती. त्येची का आमची?”

संयोगिताबाई भिंतीवरच्या फोटोकडं बघायला लागल्या.

“शुद्ध बोलनारं साताऱ्यात गल्लोगल्ली हायती. त्यो धनगर नव्हता. त्यो झाला. एडक्याची धडक खाऊन झाला, माज्या शिव्या खाऊन झाला. आमच्या म्हाताऱ्या मानसांनी त्येला आपला म्हनलं. ह्येला नट म्हनत्यात का न्हाई, मला ठावं न्हाई, तुमी शिकलेल्या हाय. पर त्यानं येवडं केल्यालं काम तुमी पुसून टाकलं. त्येला परत पोस्टात न्हिऊन बसवला.”

आता संयोगिताबाईही भडकल्या. तुम्ही एक महिना बघितलात, मी वीस वर्षं त्या धुळाबरोबर संसार केला, असं त्या बोलल्या. घरात, लग्नकार्यात, दवाखान्यात, जाईल तिथं लोक म्हणायचे, धुळा, जरा रागावून दाखवा. आणि हा माणूस ताप अंगात असताना उठून रागावून दाखवायचा. ते बघणं काय असतं ते तुम्हाला काय कळणार. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि त्या गोष्टीचाही त्यांना राग आला. स्वप्नालीनं मध्ये पडून चहा करते म्हटलं. चहा झाला, दोघींनी घेतला, पण बोलणं काही परत लागलं नाही. निघताना हरणाबाई दारात म्हणाली, “त्यो आमच्याकडं परत का आला न्हाई?”

संयोगिताबाई म्हणाल्या, “घाबरायचा. म्हणायचा, मी त्यांचं सगळं उचललं आणि पडद्यावर नाव कुणाचंच दिलं नाही. हरणा काय म्हणेल?”

“काय म्हनले आसते? शिव्या दिल्या आसत्या,” हरणाबाई म्हणाली, “आनि जेवाय वाडलं आसतं.”

परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून होती. झोपली नव्हती.

आठ दिवसांनी संयोगिताबाईंचा फोन आला. त्यांनी जुनी व्हिडिओ कॅसेट कुणाकडून तरी लावून घेऊन सिनेमा परत बघितला होता. मूळ आवाजात. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्याबद्दल त्या जास्त काही बोलल्या नाहीत. एवढंच सांगितलं की मी वीरधवलांना पत्र लिहिलंय, माझे संवाद मी परत मागतेय.

वीरधवलनं ते मानलं नाही. काम पूर्ण झालंय, फोनवर, टीव्हीवर सगळीकडं गेलंय, आता काही करता येत नाही, असं त्यानं गोड शब्दांत कळवलं. मग संयोगिताबाईंनी तेच पत्र वर्तमानपत्राला दिलं. त्यात त्यांनी स्वतःला सोडलं नव्हतं. मी मराठीची शिक्षिका असून एका भाषेला घाण समजले, असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की सांगलीच्या सभागृहात हरणाबाईंना हसणाऱ्यांनी तो व्हिडिओ आता आवाज बंद करून एकदा बघावा, त्या बाईच्या चेहऱ्याकडं बघावं.

पत्र फिरलं. आटपाडी, जत, माण, खटावातनं फोन सुरू झाले. ज्यांनी बालपणी तंबूत बसून धुळा बघितला होता ती चाळिशीची माणसं चवताळली. कुणी वीरधवलच्या संस्थेच्या पानावर जाऊन तेवढंच लिहायचं, “घान कुटं हुती?” हजारांनी लिहिलं. शेवटी त्याच्याच एका तंत्रज्ञानं सांगून टाकलं की खराब होती ती दोनच रिळं; बाकी सगळा आवाज धड होता. त्यानंतर वीरधवलला बोलायला जागा राहिली नाही. मूळ आवाज परत लावून साताऱ्यात खेळ जाहीर झाला. तो स्वतः हरणाबाईला न्यायला आला. तिनं गाडी नाकारली. सत्कारही नको म्हणाली. तिकीट काढून बसीन.

साताऱ्याच्या सभागृहात ती आणि संयोगिताबाई एकाच रांगेत बसल्या, मध्ये स्वप्नाली. आवाजात खरखर होती, मध्येच चिरका व्हायचा. पण धुळा बोलला तेव्हा तो दत्ता माहुलीकर होता, बारीक, कोरडा, रानातल्या वाऱ्यातनं आल्यासारखा. खुर्चीच्या प्रसंगाला लोक असे हसले की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. हरणाबाईही हसली. स्वप्नालीनं तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून, खांदे हलवत हसत होती. शेवटी साहेबानं मान खाली घातली. व्हायोलिनं नव्हती. धुळा गप्प राहिला, किती तरी वेळ, आणि सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग जोतिबाचं वाक्य आलं.

पडद्यावर सगळ्यात शेवटी एक नवी ओळ आली होती. भाषा : जोतिबा आणि हरणा, झरे. संयोगिताबाईंनी ती घालून घेतली होती. हरणाबाईला वाचता येत नव्हतं. स्वप्नालीनं वाचून दाखवली. तिनं संयोगिताबाईंकडं बघितलं आणि म्हणाली, आधी बापाचं नाव घातलं ते बरं केलं.

बाहेर वीरधवल उभा होता. हात जोडून म्हणाला, “आजी, आता तरी राग गेला ना?” हरणाबाईनं त्याला विचारलं, फोनवर सिनेमा लावला तर आधी कुठला आवाज येतो? त्यानं जरा चाचरत सांगितलं की आधी नवाच येतो, पण जुना निवडायची सोय दिली आहे.

“मंग न्हाई गेला,” ती म्हणाली आणि स्टँडकडं चालू लागली.

दहिवडीच्या गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली. पलीकडच्या बाकावर खाकी पँटमधला एक माणूस होता, सुट्टीवर गावाकडं निघालेला फौजी असावा. गाडी सातारा सोडून बाहेर पडली तसा त्यानं फोन काढून सिनेमा लावला. गोल, भरदार आवाजात धुळा म्हणाला, साहेब, मी अजून रागावलेलो नाही.

हरणाबाई पुढं झुकली. “बाळा, त्ये बंद कर. त्यात दुसरा आवाज हाय, त्यो लाव.”

त्याला ते कसं करायचं ठाऊक नव्हतं. दुसरा आवाज असतो हेही ठाऊक नव्हतं. स्वप्नालीनं त्याचा फोन घेतला, एका कोपऱ्यात बोट ठेवलं, यादी उघडली, खालून दुसरं नाव निवडलं आणि परत दिला. फौजी दोन मिनिटं ऐकत राहिला. मग त्यानं आवाज वाढवला. मागच्या बाकावरची दोन माणसं उठून त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली, कंडक्टरनं तिकिटाचं मशिन काखेत धरून मान लांबवली. हरणाबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिनं सुनेला विचारलं, ते कोपऱ्यात कसं दाबायचं असतं, मला एकदा दाखीव. स्वप्नालीनं आपला फोन काढला आणि दाखवला. तिनं दोनदा चुकीचं दाबलं. तिसऱ्यांदा बरोबर दाबलं.